मस्तकीचे चार खडे

"मस्तकी चघळून माणसाचं वाईट झाल्याचं एक तरी उदाहरण दाखवा, मी माझी गाढवीण आणून तुमच्या दारात बांधतो!"

ही पैज आमच्या गावातला सिदेरिस चाळीस वर्षं लावत आला होता. एवढ्या काळात त्याच्या गोठ्यात गाढविणी तीन झाल्या, पैज मात्र तीच राहिली. आणि ती हरण्याची वेळ कधी येईल असं आम्हालाही वाटत नव्हतं. ग्रीसमधल्या किऑस बेटाच्या या टोकाला आम्ही जगतो ते मस्तकीवर. झाडाच्या सालीला टोचा मारायचा, खाली पसरलेल्या पांढऱ्या मातीवर डिंकाचे थेंब पडून वाळू द्यायचे, ते गोळा करायचे आणि जगाला विकायचे. जग त्याचं काहीही करो, आम्ही चघळतो. शहरातली पोरं हल्ली रंगीबेरंगी च्युइंगगम चघळून फुगे काढतात. सिदेरिस त्यांच्याकडे असा बघायचा, की फुगा आपोआप फुटायचा!

कॉफीच्या दुकानात बसून तो फायदे मोजायला लागला की दोन्ही हातांची बोटं पुरत नसत. मस्तकीने पोट साफ राहतं. हिरड्या घट्ट होतात. तोंडाला वास येत नाही. जहाजावर मळमळत नाही. शिवाय बायकोशी भांडण सुरू झालं की दोन खडे तोंडात टाकावेत, चावण्याच्या नादात उलट उत्तर राहून जातं आणि संसार टिकतो.

"मग तोटे?" कुणीतरी मुद्दाम विचारायचं.

"तोटे? ते त्या रंगीत गमचे! खुर्चीखाली चिकटवतात लोक. मस्तकी कधी खुर्चीखाली पाहिलीस?"

आता यात एक अडचण होती. बहात्तराव्या वर्षी सिदेरिसच्या तोंडात एकही दात शिल्लक नव्हता! पण त्याचं उत्तर तयार असायचं. "आमच्या बापाचे पन्नाशीत गेले. मस्तकी होती म्हणून माझे इतके टिकले!"

गेल्या हिवाळ्यात हा माणूस एकाएकी बस पकडून बंदराच्या शहरात गेला आणि कवळी करून आला. वरची आणि खालची, दोन्ही. दंतवैद्य तिशीचा, गोरागोमटा, नम्र. त्याने कवळी बसवली, आरसा दाखवला आणि म्हणाला, "काका, फक्त एक पथ्य. चिकट काही चघळायचं नाही. च्युइंगगम नको, आणि मस्तकी तर अजिबातच नको."

सिदेरिस खुर्चीत ताडकन उठून बसला.

"मला? मला मस्तकी नको सांगतोस? अरे, तुझ्या आजोबांच्या आजोबांना दात यायच्या आधीपासून माझं घराणं मस्तकी चघळतंय!"

"हो काका, पण कवळी घराण्यात नवीन आहे ना."

हे उत्तर सिदेरिसला इतकं झोंबलं, की परतीच्या बसमध्ये त्याने ते ड्रायव्हरला सांगितलं, ड्रायव्हरमागच्या बाईला सांगितलं आणि गावात उतरल्यावर चौकातल्या प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगितलं. "तो पोरगा मला मस्तकी शिकवतो!" संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला दंतवैद्याचं पथ्य पाठ झालं होतं. हे पुढे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा.

पण कवळी त्याने का केली, हे मात्र त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. ते मी सांगतो.

मस्तकी गोळा करून काम संपत नाही. हिवाळ्यात ती चाळायची, धुवायची, वाळवायची आणि मग एकेक खडा हातात घेऊन छोट्या सुरीच्या टोकाने त्याला चिकटलेली माती, सालीचा कण खरवडून काढायचा. हे काम बायकांचं. एकटीने केलं तर वेड लागेल, म्हणून त्या मिळून करतात. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. पाळीने. मस्तकी वितळू नये म्हणून खोलीत शेगडी पेटवायची नाही. अंगावर शाली घेऊन दहा-बारा जणी टेबलाभोवती बसतात आणि सुऱ्यांपेक्षा जिभा जास्त चालतात. अख्ख्या गावाची हजेरी घेतली जाते. त्यात नवरे आधी.

सिदेरिसची बायको थेमेलीना तीन वर्षांपूर्वी गेली. ज्या घरात बाई नाही, त्या घराची पाळी आपोआप गळते. कुणी मुद्दाम गाळली नाही हो! पहिल्या हिवाळ्यात दुखवटा म्हणून कुणी गेलं नाही, दुसऱ्या हिवाळ्यात एकट्या पुरुषाच्या घरी कसं जायचं म्हणून, आणि तिसऱ्यात सवयच झाली. सिदेरिस स्वयंपाकघरात एकटाच सुरी घेऊन बसायचा. सोबतीला रेडिओ. रेडिओवरची बाई म्हणाली, उत्तरेचा वारा सुटेल, की हा म्हणायचा, "सुटेल बाई, सुटेल. तुमच्याकडे कसं काय?" मग तिच्या उत्तराची वाट बघत थोडा वेळ थांबायचा.

बाहेर जावं तर दात नसल्याने बोललेलं कुणाला कळायचं नाही. लोक दोनदा "काय?" म्हणायचे, तिसऱ्यांदा नुसतं हसायचे आणि निघून जायचे. मेलबर्नहून मुलगी रविवारी फोन करायची. तीही म्हणायला लागली होती, "बाबा, काही कळत नाहीये, तुम्ही फक्त हं म्हणा." मग बाबा हं म्हणायचे. सिदेरिस एकटा पडला होता. फार एकटा. आणि त्याला वाटलं, नीट बोलता आलं तर घरात माणसं परत येतील.

म्हणून कवळी!

कवळी बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने भिंतीपलीकडच्या कल्लिरोईचं दार ठोठावलं. कल्लिरोई विधवा, अडुसष्ट वर्षांची, गावातली सगळ्यात तरबेज सुरी तिची आणि सगळ्यात धारदार जीभही तिचीच.

"कल्लिरोई, येत्या गुरुवारी मस्तकीची पाळी माझ्या घरी. सगळ्या या." एकेक अक्षर सुटं, खणखणीत.

कल्लिरोईने आधी त्याचे दात पाहिले आणि मग त्याला. "आणि आमच्या पाळीला तुझ्याकडून कोण येणार? गाढवीण?"

"मी येणार. सुरी घेऊन. प्रत्येकीकडे."

"पुरुष? मस्तकी साफ करायला?" कल्लिरोई इतकी हसली, की तिला दाराची चौकट धरावी लागली. पण हसणं ओसरल्यावर ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. "बरं. येऊ," ती म्हणाली.

गुरुवार उजाडला. सिदेरिसने घर दोनदा झाडलं. चौकातल्या दुकानातून सहा खुर्च्या उसन्या आणल्या. धुतलेली मस्तकी पांढऱ्या कापडावर पसरली. पाणबुडीची तयारी केली. पाणबुडी म्हणजे आमच्याकडचा पाहुणचार, मस्तकीचा गोड पांढरा गोळा चमच्यावर घेऊन थंड पाण्याच्या ग्लासात बुडवून द्यायचा. बारा ग्लास, बारा चमचे. थेमेलीनाचा भरतकामाचा टेबलक्लॉथ काढला, उलटा अंथरला, परत सुलटा केला.

या धावपळीत दुपारी त्याने खारवलेला मासा खाल्ला आणि त्याबरोबर लसणाची चटणी. वाटीभर! हात धुताना त्याला आठवलं. तळहातावर फुंकर मारून त्याने वास घेतला आणि त्याचं त्यालाच एक पाऊल मागे सरकावं लागलं.

तीन वर्षांनी घरात बायका येणार, आणि यजमानाच्या तोंडाला असा वास!

समोर कापडावर पाच किलो मस्तकी पसरलेली. तिच्यावरून त्याची नजर फिरली. मग त्याने दाराकडे पाहिलं. मग, कुणी बघत नसतानाही, छताकडे पाहिलं. दंतवैद्याचा नम्र चेहरा डोळ्यांपुढे आला.

"हॅट! काल जन्मलेलं पोर!" म्हणत सिदेरिसने एक खडा तोंडात टाकला. लसूण जबर होता, म्हणून दुसरा टाकला. एकूण चार.

सुरुवातीला छान वाटलं. खडे करकरून फुटले, मग एकजीव झाले, तोच जुना कडूगोड स्वाद! शेवटचा दात पडल्यापासून आठ महिन्यांनी तो मस्तकी चघळत होता. "शिकवतोय मला!" तो रेडिओला म्हणाला. पाचव्या मिनिटाला त्याला जाणवलं, की खालची कवळी वरच्या कवळीला सोडायला जरा उशीर करते आहे. दहाव्या मिनिटाला तर दोघी एकमेकींच्या गळ्यातच पडल्या!

अशा वेळी शहाणा माणूस कवळी काढून ठेवेल. सिदेरिसने कॉफी ठेवली. गरम घोटाने मस्तकी सैल होईल, असा त्याचा हिशेब. हिशेब बरोबर होता! मस्तकी सैल झाली, मधासारखी पातळ झाली आणि दातांच्या फटीफटीत, कानाकोपऱ्यात जाऊन बसली. तोंड उघडलंसुद्धा, अर्धा इंच. सिदेरिस खूश झाला. आणि खुशीत त्याने तेच केलं, जे त्याच्या बापाने, आजाने आणि या बेटावरच्या प्रत्येक माणसाने कॉफीनंतर आयुष्यभर केलं आहे. वर ग्लासभर गार पाणी प्यायला!

दुकानाचं शटर पडावं तसं त्याचं तोंड बंद झालं. मस्तकी गार पडली आणि दगड झाली.

तेवढ्यात दार वाजलं.

दारात कल्लिरोई, तिच्या मागे चौऱ्याऐंशी वर्षांची मारुको, बेकरीवाल्याची अथेन्सहून आलेली सून प्लुमी आणि इतर नऊ जणी. सगळ्यांनी एप्रन बांधलेले, शाली पांघरलेल्या, हातात आपापल्या सुऱ्या.

"काय रे सिदेरिस, आत येऊ ना?" कल्लिरोईने विचारलं.

आता एक सांगायला हवं. आमच्याकडे 'नाही' म्हणायला तोंड लागत नाही. हनुवटी वर झटकली, भुवया उचलल्या, की झालं. 'हो' म्हणायचं असेल तर मान खाली. सिदेरिसला म्हणायचं होतं, 'या, या, तीन वर्षं वाट बघतोय.' त्यासाठी तोंड उघडायला हवं होतं. ते उघडावं म्हणून त्याने सगळा जोर लावून हिसका दिला, आणि हनुवटी गेली वर!

बाराजणी एक पाऊल मागे सरकल्या.

"नको?" कल्लिरोईचा आवाज चढला. "अरे, तूच बोलावलंस ना?"

सिदेरिस घाबरला. घाबरून आणखी जोरात हिसका दिला. हनुवटी आणखी वर!

"बघा बाई! बोलावून दारातून हाकलतोय!" मागून कुणीतरी म्हणालं.

"चला गं. आपलंच चुकलं. थेमेलीना होती तेव्हाची गोष्ट वेगळी."

बायका वळल्या. सुऱ्या परत एप्रनच्या खिशात गेल्या. सहा उसन्या खुर्च्या, बारा चमचे, सगळं मागे तसंच, आणि त्या गल्लीच्या वळणापर्यंत पोचल्यासुद्धा! तो धावला आणि त्याने कल्लिरोईच्या एप्रनची गाठ मागून पकडली. गाठ सुटली. एप्रन त्याच्या हातात आला!

"सिदेरिस!" कल्लिरोई गर्रकन वळली आणि पुढे काही बोलणार तोच तिला त्याचा चेहरा दिसला. लाल झालेला, डोळ्यांत पाणी, ओठ हलताहेत आणि आतून नुसतं "म्म्म! म्म्म!"

"अगं बाई," मारुको म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं तोंड शेवटी अस्संच झालं होतं."

झालं! सगळ्यांनी मिळून त्याला उचलून घरात आणलं आणि उसन्या खुर्चीवर बसवलं. घरात बायका आल्या, हे खरं. पण अशा?

"वारं गेलं अंगावरून," एक म्हणाली.

"नाही गं, शोक आहे तो. आतल्या आत दाबला होता."

"दृष्ट लागली!" मारुकोने निकाल दिला. "नवे दात करून चौकात मिरवत होता. लागणार नाही तर काय? वाटीत पाणी आणा, तेल आणा!"

मारुकोची दृष्ट काढण्याची पद्धत अशी, की पाण्यात तेलाचे थेंब सोडायचे आणि ओठातल्या ओठात प्रार्थना म्हणायची. दृष्ट जितकी कडक, तितक्या म्हणणारीला जांभया जास्त. तिने पहिला थेंब सोडला आणि एवढी मोठी जांभई दिली, की तिचं डोकंच शालीत गेलं.

"अरे देवा, जबर आहे!" म्हणता म्हणता कल्लिरोईलाही जांभई आली. मग प्लुमीला. मग टेबलाभोवती एकामागून एक बाराजणी जांभया द्यायला लागल्या! जांभईचं तुम्हाला माहीत आहे. ती सिदेरिसलाही आली. आली, पण बाहेर पडायला वाट कुठे होती? ती जबड्यापर्यंत आली, तिथे अडली, मागे फिरली आणि कानांतून निघाली असावी, कारण त्याचे दोन्ही कान लालभडक झाले.

"थू थू थू!" मारुको त्याच्यावर तीनदा थुंकल्यासारखं करत म्हणाली. "निघतेय, निघतेय!"

सिदेरिसने हताश होऊन टेबलावरच्या मस्तकीकडे बोट दाखवलं. मग तोंडाकडे. मग परत मस्तकीकडे.

"बघा!" कल्लिरोई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "जीव जायची वेळ आली, तरी मस्तकी साफ झाली पाहिजे म्हणतोय! नवऱ्यांची जातच अशी. आधी काम सुरू करा, मी मागाहून मरतो!"

"मी शहरातून ॲम्ब्युलन्स बोलावते," प्लुमीने फोन काढला.

ॲम्ब्युलन्स! शहर! म्हणजे तो नम्र पोरगा! सिदेरिसने झडप घालून भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान टरकावलं, पेन्सिल शोधली आणि मागे लिहिलं. प्लुमीने ते मोठ्याने वाचलं.

"कवळी चिकटली."

कल्लिरोई हळूच पुढे झुकली. "कशाने?"

सिदेरिसने पेन्सिल धरली. चाळीस वर्षांची पैज त्या पेन्सिलीच्या टोकाशी येऊन उभी राहिली. त्याने एकदा बारा चेहऱ्यांकडे पाहिलं आणि लिहिलं, 'मस्तकीने.'

मग जो हशा उठला! मारुको हसता हसता वाटीत हात घालून बसली आणि दृष्टीचं सगळं तेल सांडलं. एकीची शाल पडली, एकीला ठसका लागला.

"गाढवीण कुठंय?" कल्लिरोई डोळे पुसत म्हणाली. "माझ्या दारात बांध, उद्या सकाळी!"

पण हसून झाल्यावर तिने एप्रन परत बांधला आणि खुर्ची त्याच्यासमोर ओढली. आता ती कामाच्या आवाजात बोलत होती. "प्लुमी, मस्तकीचे गोळे एकमेकांना चिकटले की आपण काय करतो?"

"मी अथेन्सची. मला काय माहीत?"

"गार करतो. कडक गार केले की टिचकीने सुटतात. माझ्या फ्रीजरमध्ये वाटाण्याच्या दोन पिशव्या आहेत, पळ!"

वाटाण्याची एक पिशवी डाव्या गालाला, एक उजव्या गालाला. वरून थेमेलीनाच्या टेबलक्लॉथने सगळं डोक्यावर बांधलं. वीस मिनिटं सिदेरिस यजमानाच्या खुर्चीत तसा बसून होता आणि पाहुण्या त्यानेच मांडलेली पाणबुडी आपल्या हातांनी घेऊन खात होत्या. मग कल्लिरोईने आपली सुरी एप्रनला पुसली.

"हलू नकोस. चाळीस वर्षं खडे साफ करतेय, तूही एक खडाच समज." सुरीचं टोक दोन दातांमध्ये टेकवून तिने मुठीवर हलकेच ठोका दिला. एक. दोन. तिसऱ्याला आवाज झाला, कट्!

वरची कवळी, खालची कवळी आणि मधली मस्तकी, असा सगळा ऐवज तिच्या तळहातावर येऊन पडला.

सिदेरिसने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बारा बायकांसमोर बोळका! त्याला वाटलं, आता या जातील आणि गल्लीत वळल्या वळल्या परत हसतील. पण कल्लिरोईने खिडकीपाशी जाऊन कवळी उजेडात धरली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. हे काम मनासारखं नव्हतं. फटीफटीत कण होते.

"असं घाण काम सोडून जायचं नाही," ती म्हणाली. "बसा गं."

आणि त्या बसल्या. टेबलाभोवती, उसन्या खुर्च्यांवर, शाली आवळून. वरची कवळी एका ताटात, खालची दुसऱ्या ताटात. एक दात हिने खरवडायचा, ताट पुढे सरकवायचं, दुसरा तिने. सुऱ्या चालायला लागल्या आणि सुऱ्यांबरोबर जिभाही. बेकरीवाला झोपेत भाव सांगतो. पाद्रीबाबांच्या बहिणीने केस रंगवले. कुणाचा जावई आला आणि तीन दिवस आंघोळच करेना. सिदेरिस कोपऱ्यात हाताआड तोंड करून बसला होता. किती वर्षांनी या खोलीत हा आवाज होता! त्याला रडू येत होतं आणि ते लपवायला हात आधीच जागेवर होता.

"थेमेलीना असती तर आज हसून मेली असती," एक जण म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

"म्हणू दे गं," कल्लिरोई सुरी न थांबवता म्हणाली. "सिदेरिस, आमची पाळी इथे असली की तू काय सांगून जायचास?"

"कोफीच्या दुकानात ज्यातो म्हनून," बोळक्या तोंडाने सिदेरिस म्हणाला.

"आणि बसायचास कुठे?"

हे कुणालाच माहीत नव्हतं, असं तो समजत होता. तो मागच्या जिन्यावर बसायचा. थंडीत, विडी ओढत. बायकांच्या कलकलाटाला चौकात शिव्या घालणारा सिदेरिस भिंतीला कान लावून सगळं ऐकायचा.

"थेमेलीनाला पहिल्या वर्षापासून माहीत होतं," कल्लिरोई म्हणाली. "आम्हाला दटावायची. 'हळू काय बोलता? मोठ्याने बोला. जिन्यावर बसलाय बिचारा, त्याला ऐकू जायला नको?'"

कुणी हसलं नाही. सिदेरिसने हात तोंडावरून काढून डोळ्यांवर नेला. बोळकं तोंड सगळ्यांना दिसलं, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

उजेड कमी झाला तेव्हा कवळी अशी लखलखत होती, की दंतवैद्यानेही तशी दिली नव्हती. खऱ्या मस्तकीला मात्र कुणाचा हातही लागला नव्हता. पाच किलो जशीच्या तशी! "उद्या येतो," बायका म्हणाल्या आणि आल्याही. उद्या आल्या, परवा आल्या. सिदेरिस त्यांच्यात सुरी घेऊन बसला. त्याच्या हाताखालून निघालेले खडे कल्लिरोई गुपचूप परत साफ करत होती. तो प्रत्येकीच्या पाळीला गेला आणि सगळीकडे त्याला आतल्या खुर्चीवर बसवलं. गाढवीण एक रात्र कल्लिरोईच्या दारात राहिली. तिने कल्लिरोईची जिवापाड जपलेली कुंडीतली तुळस खाल्ली, आणि सकाळी ती सन्मानाने परत पाठवण्यात आली.

पण मस्तकी काही वर्षभर पुरत नाही. फेब्रुवारीत शेवटचा खडा साफ झाला, खोकी भरली, बायकांनी एप्रन धुवून ठेवले. सिदेरिसच्या घरात परत तो आणि रेडिओ. "उत्तरेचा वारा," रेडिओवरची बाई म्हणाली. सिदेरिसने उत्तर दिलं नाही. आता त्याला खऱ्या उत्तरांची सवय लागली होती.

काम नाही, पाळी नाही, तर माणसाने दुसऱ्याच्या दारात जायचं तरी कशाला? 'मला एकटं वाटतंय,' असं बहात्तर वर्षांचा माणूस कुणाचं दार वाजवून कसं सांगणार? त्याने टेबलावरच्या बरणीकडे पाहिलं. मग दाराकडे. मग छताकडे.

कल्लिरोईने दार उघडलं तेव्हा सिदेरिस उंबऱ्यात उभा होता. गाल लाल, ओठ मिटलेले. "म्म्म," तो म्हणाला.

तिने आश्चर्य दाखवलं नाही. ती आत गेली, वाटाण्याच्या पिशव्या घेऊन आली, त्याला खुर्चीत बसवलं आणि गालांना पिशव्या बांधल्या. सगळं मुकाट्याने. मग समोर बसून सुरी पुसत म्हणाली,

"पंधरा दिवसांत ही तिसरी वेळ, सिदेरिस."

सिदेरिसने जमिनीकडे पाहिलं.

"त्या पोराने तोटे सांगितले होते ना तुला? आणि तू फायदे मोजत बसायचास. हा फायदा त्या यादीत होता का रे?" तिचा आवाज जरा खाली आला. "गप्पा मारायच्या असल्या तर नुसता येत जा. कारण लागत नाही. तोंड आहे ना, तोंडाने सांगावं माणसाने!"

नेमकं तेच त्या वेळी बंद होतं!

तिसऱ्या ठोक्याला कवळी निघून बशीत पडली. पण कल्लिरोई उठली नाही. "हे वाटाणे आता तीनदा वितळले. परत गोठवण्यात अर्थ नाही, शिजवते. जेवायला थांबतोस?"

आता तोंड मोकळं होतं. पण आत दात नव्हते, आणि बोललेलं तिला कळलंच नाही तर? सिदेरिसला गल्लीतला तो गुरुवार आठवला. या वेळी धोका पत्करायचा नव्हता. त्याने दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलं आणि हनुवटी छातीला टेकेपर्यंत खाली दाबलं.

वाटाणे फार मऊ शिजले होते. बरंच झालं. दात अजून बशीतच होते.